अमेरिकेतला तिसरा उमेदवार नेमका कशासाठी लढतो?

५ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या मतदारांनी मतपत्रिका हातात घेतली, तेव्हा राष्ट्राध्यक्षपदासाठी तिच्यावर दोनच उमेदवारांची नावं छापलेली होती: ट्रम्प आणि हॅरिस. हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीत गेलं, की त्याच पदासाठी आणखी नावं दिसत होती. त्यांतलं एक चेस ऑलिव्हर यांचं. पक्ष लिबर्टेरियन, म्हणणं थोडक्यात एवढंच की सरकारचा व्याप कमी करा. ४७ राज्यांत त्यांचं नाव मतपत्रिकेवर होतं. देशभरात मतं पडली साडेसहा लाखांच्या आसपास, म्हणजे जेमतेम ०.४ टक्के.

एवढ्याशा मतांसाठी एवढा आटापिटा कशाला, असं कुणालाही वाटेल. पण हा उमेदवार तोंडाने व्हाइट हाऊसचं नाव घेत असला, तरी त्याची रोजची झुंज असते काही ठरावीक आकड्यांशी. कुठे १ टक्का, कुठे २, कुठे ५, कुठे १५. हे आकडे कायद्यात आणि नियमांत लिहिलेले आहेत, आणि ते लिहिणारे हात जवळजवळ नेहमी दोन मोठ्या पक्षांतल्याच लोकांचे आहेत. तिसऱ्या पक्षाची धडपड समजून घ्यायची, तर हे आकडे एकेक करून पाहावे लागतात.

आधी विचार काय आहे ते बघू. १५ ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी देशभरातले पगार आणि किमती ९० दिवसांसाठी गोठवल्या आणि परदेशी सरकारांना डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. निक्सन रिपब्लिकन, म्हणजे बाजाराच्या बाजूचे समजले जाणारे. त्यांनीच असा बडगा उगारल्यावर काही जणांचा दोन्ही पक्षांवरचा विश्वास उडाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात कोलोरॅडोत डेव्हिड नोलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिबर्टेरियन पक्ष काढला. सदस्य होताना एका प्रतिज्ञेवर सही करावी लागते: राजकीय किंवा सामाजिक हेतू साधण्यासाठी आपण होऊन बळाचा वापर सुरू करणं मला मान्य नाही. बाकी सगळा जाहीरनामा या एका वाक्यातून निघतो. सक्तीने घेतलेला म्हणून आयकराला विरोध. दुसऱ्याला इजा न करणाऱ्याला तुरुंगात टाकतात म्हणून अमली पदार्थांच्या कायद्यांना विरोध. स्वतःच्या बचावापलीकडचं म्हणून परदेशातल्या लष्करी मोहिमांना विरोध. त्यामुळे हा पक्ष करांच्या बाबतीत रिपब्लिकनांच्या जवळ वाटतो आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या बाबतीत डेमोक्रॅटांच्या, आणि दोघांनाही तो आपला वाटत नाही.

महाराष्ट्राला हा विचार अगदीच अनोळखी नाही. राजाजी आणि मिनू मसानी यांचा स्वतंत्र पक्ष १९५९ मध्ये ‘लायसन्स-परमिट राज’च्या विरोधात उभा राहिला आणि १९६७ च्या लोकसभेत त्याचे ४४ खासदार होते. पुढे शरद जोशींनी शेतकरी संघटनेच्या चळवळीतून स्वतंत्र भारत पक्ष काढला, तेव्हाही सूर हाच होता: शेतकऱ्याच्या मालाच्या भावातून सरकारने आपला हात काढून घ्यावा. आपल्याकडे तर नव्या पक्षाला नोंदणी करताना लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ नुसार समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. त्या तत्त्वाला विरोध करण्यासाठीच पक्ष काढणाऱ्याने काय करायचं, हा प्रश्न अजून तसाच पडून आहे.

आता पहिला आणि सगळ्यात मोठा अडथळा: मतपत्रिकेवर नाव येणं. आपल्याकडे लोकसभेला अपक्ष उभं राहायचं, तर मतदारसंघातले १० सूचक आणि २५ हजार रुपये अनामत (अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला निम्मी) एवढ्यावर भागतं, आणि नियम सगळ्या देशाला एकच. अमेरिकेत एका निवडणूक आयोगाने सगळ्या देशाची निवडणूक घ्यावी, अशी सोयच नाही. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक म्हणजे ५० राज्यं आणि वॉशिंग्टन शहर मिळून ५१ वेगळ्या निवडणुका, आणि ५१ वेगळे नियम. टेनेसीत अपक्ष म्हणून अर्ज भरायला २७५ सह्या पुरतात. कॅलिफोर्नियात अपक्षाला नोंदणीकृत मतदारांच्या १ टक्का सह्या लागतात, म्हणजे दोन लाखांच्या वर. ओक्लाहोमात सह्या नको असतील, तर ३५ हजार डॉलर भरण्याची सोय आहे. टेक्ससमध्ये नव्या पक्षाला गेल्या गव्हर्नर (राज्याचा निवडून आलेला प्रमुख) निवडणुकीतल्या एकूण मतांच्या १ टक्का सह्या हव्यात, त्याही ७५ दिवसांत, आणि सही करणाऱ्याने त्या वर्षी कुठल्याही पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, भाग घेतलेला नसावा.

सही गोळा करणं ऐकायला सोपं वाटतं. एक कागद जवळून पाहू. वर उमेदवाराचं नाव, पत्ता, पद. अनेक राज्यांत सोबत उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवारही लागतो, आणि राज्याच्या वाट्याला जितके निर्वाचक येतात तितक्यांची यादीही. निर्वाचक म्हणजे जिंकल्यास प्रत्यक्ष मत देणारी माणसं. टेक्ससला ४०, कॅलिफोर्नियाला ५४. त्यांत संसदेचा सदस्य चालत नाही, केंद्र सरकारात पदावर असलेला माणूसही चालत नाही. खाली आडव्या ओळी: छापील अक्षरांत नाव, सही, मतदार यादीतला पत्ता, गाव किंवा काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), तारीख. तळाशी सह्या घेणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र.

आता या कागदावर काय काय बिघडतं ते बघा. यादीत रॉबर्ट आहे, माणसाने ‘बॉब’ लिहिलं. घर बदललं, नोंदणी जुन्याच पत्त्यावर राहिली. त्याने दोन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या दुकानाबाहेर आधीच सही केली होती. तारीख राहिली. शेजारच्या काउंटीतल्या माणसाने या काउंटीच्या कागदावर सही केली. आणि सगळ्यात जिव्हारी लागणारी चूक: तळाच्या प्रतिज्ञापत्रात तारीख चुकली किंवा जिथे नोटरी लागते तिथे शिक्का राहिला, की वरच्या सगळ्या सह्या एकदम बाद. म्हणून अनुभवी कार्यकर्ते दर १०० सह्यांमधल्या ६० ते ७५ च टिकतील असं धरून चालतात आणि गरजेच्या दीडपट गोळा करतात.

न्यूयॉर्कचं गणित मांडून पाहू. ४५,००० वैध सह्या, मुदत ४२ दिवस. शंभरातल्या ६५ टिकतात असं धरलं, तर जवळपास ६९,००० गोळा करायला हव्यात, म्हणजे रोज साधारण १,६५०. दुकानाबाहेर उभा राहणारा माणूस तासाला १२-१३ सह्या घेतो आणि सहा तास काम करतो असं धरा. म्हणजे दिवसाला ७५. याचा अर्थ रोज २२ माणसं, सहा आठवडे, एकही सुट्टी न घेता. वर आणखी अट अशी, की राज्यातल्या किमान निम्म्या संसदीय मतदारसंघांतून प्रत्येकी ५०० सह्या यायला हव्यात, म्हणजे फक्त मॅनहॅटनमध्ये उभं राहून भागत नाही. स्वयंसेवक कमी पडले की माणसं पैसे देऊन लावावी लागतात. मग पैसे सह्यांवर संपतात आणि प्रचाराला उरत नाहीत.

सह्या दिल्या म्हणजे सुटलो असंही नाही. पेनसिल्व्हेनिया, इलिनॉयसारख्या राज्यांत कुणीही मतदार हरकत घेऊ शकतो. मग एकेका ओळीवर दोन्ही बाजूंचे लोक बसतात, मतदार यादी समोर ठेवून. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे अपक्ष उमेदवार राल्फ नेडर यांच्या पेनसिल्व्हेनियातल्या सह्यांवर अशी हरकत आली, त्यांचं नाव वगळलं गेलं आणि वर हरकतीच्या खर्चापोटी ८१ हजार डॉलर भरण्याचा आदेशही निघाला. पुढे अशा भुर्दंडाची टांगती तलवार छोट्या पक्षांवर ठेवणं केंद्रीय न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. पण तोवर किती जणांनी नुसत्या भीतीने अर्जच मागे घेतले असतील, ते कुठल्याच निकालात दिसत नाही.

एवढा त्रास दर वेळी नको असेल, तर मार्ग एकच: मागच्या निवडणुकीत ठरावीक मतं मिळवून राज्यात ‘मान्यताप्राप्त पक्ष’ व्हायचं. मान्यता मिळाली की सह्यांचा डोंगर टळतो. तिसऱ्या पक्षाला मिळालेली मतं हरलेल्या उमेदवाराची असली, तरी त्यांची खरी किंमत इथे असते. न्यूयॉर्कमध्ये ही किंमत कशी बदलली ते पाहण्यासारखं आहे. २०१८ च्या गव्हर्नर निवडणुकीत लिबर्टेरियन उमेदवार लॅरी शार्प यांना ९५ हजारांवर मतं पडली. तेव्हाची अट ५० हजारांची, म्हणून पक्षाला तिथे पहिल्यांदाच मान्यता मिळाली. २०२० च्या एप्रिलमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पाबरोबर नियम बदलला: मान्यतेसाठी १ लाख ३० हजार मतं किंवा एकूण मतांच्या २ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते, आणि तेही दर दोन वर्षांनी. सह्यांची अट १५ हजारांवरून थेट ४५ हजारांवर गेली. त्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदाच्या लिबर्टेरियन उमेदवार जो जॉर्गेन्सन यांना राज्यात ६० हजारांच्या आसपास मतं मिळाली. जुन्या नियमात मान्यता फक्त गव्हर्नर निवडणुकीवर ठरायची, म्हणून ती २०२२ पर्यंत टिकली असती. नव्या नियमाने मान्यता गेली. २०२२ मध्ये शार्प पुन्हा उभे राहिले, सह्या कमी पडल्या आणि गव्हर्नरपदाच्या मतपत्रिकेवर दोनच उमेदवार उरले. २०२४ च्या मतपत्रिकेवर फक्त ट्रम्प आणि हॅरिस होते, ते या वाटेने. मतदारांनी तिसऱ्याला नाकारलं म्हणून ते घडलं असतं, तर तक्रार नव्हती. इथे त्यांच्यासमोर तो पर्याय येऊच दिला नाही.

कधी कधी अडथळा मिनिटांचा असतो. गॅरी जॉन्सन २०१२ च्या निवडणुकीसाठी आधी रिपब्लिकन उमेदवारीच्या स्पर्धेत होते, मग लिबर्टेरियन झाले. मिशिगनचा नियम असा, की एका पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत ज्याचं नाव आलं, त्याला त्याच वर्षी दुसऱ्या पक्षाकडून उभं राहता येत नाही. माघारीच्या अर्जाची मुदत दुपारी ४ पर्यंत होती. त्यांचा अर्ज तीन मिनिटं उशिरा पोचला. न्यायालयात दाद मागूनही उपयोग झाला नाही, आणि मिशिगनमध्ये ते मतपत्रिकेबाहेर राहिले.

पुढचा आकडा १५ टक्के. १९८७ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी मिळून दूरचित्रवाणीवरच्या वादसभांसाठी एक आयोग स्थापन केला. २००० पासून त्याची अट होती, की राष्ट्रीय पातळीवरच्या पाच जनमत चाचण्यांची सरासरी १५ टक्के असली पाहिजे. गोम अशी, की अनेक चाचण्यांत तिसऱ्या उमेदवाराचं नावच विचारलं जात नाही. नाव विचारलं जात नाही म्हणून टक्के नाहीत, टक्के नाहीत म्हणून मंच नाही, मंच नाही म्हणून लोकांना नाव माहीत नाही. २०१६ मध्ये न्यू मेक्सिकोचे दोनदा गव्हर्नर राहिलेले जॉन्सन सरासरीने ९ टक्क्यांपर्यंत पोचले, पण मंचावर चढू शकले नाहीत. त्याच सप्टेंबरात एका मुलाखतीत त्यांना अलेप्पोबद्दल विचारलं, तर त्यांनी उलट विचारलं, ‘अलेप्पो म्हणजे काय?’ सीरियाच्या युद्धात होरपळणारं शहर त्यांना माहीत नव्हतं, ही चूक मोठीच. पण मोठ्या पक्षाचा उमेदवार अशी चूक पुढच्या वादसभेत भरून काढू शकतो. जॉन्सन यांच्याकडे पुढची वादसभाच नव्हती. तरीही त्यांना ४४ लाख ८९ हजार मतं मिळाली, ३.३ टक्के. या पक्षाचा आजवरचा तोच उच्चांक आहे.

मग ५ टक्के. देशभरात इतकी मतं मिळाली, की पुढच्या निवडणुकीसाठी पक्षाच्या उमेदवाराला सरकारी निधीत वाटा मिळतो. १९९६ मध्ये रॉस पेरो यांच्या रिफॉर्म पक्षाला ८.४ टक्के मतं मिळाली, म्हणून २००० मध्ये त्याच पक्षाच्या पॅट ब्यूकॅनन यांना १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. त्यांना अर्धा टक्काही मतं पडली नाहीत आणि तो झरा आटला. लिबर्टेरियनांपुढे इथे वेगळाच पेच असतो: सरकारने लोकांचा पैसा घेऊ नये असं म्हणणाऱ्याने तो पैसा प्रचाराला वापरायचा का? पक्षाचे आधीचे उमेदवार हॅरी ब्राउन यांनी सरकारी निधी नाकारला. जॉन्सन यांनी २०१२ मध्ये घेतला. पक्षात यावर अजूनही भांडण होतं, आणि ते प्रामाणिक भांडण आहे असं आम्हाला वाटतं. खासगी देणगीचंही बंधन कडक आहे. २०२४ च्या निवडणुकीत एका व्यक्तीला एका उमेदवारास एका टप्प्यासाठी ३,३०० डॉलरपर्यंतच देता येत होते. मात्र १९७६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने उमेदवाराला स्वतःचा पैसा हवा तेवढा खर्च करायची मुभा दिली. म्हणूनच १९८० मध्ये उद्योगपती डेव्हिड कोक यांना उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी देण्यात आली. त्या वर्षी त्यांच्या पैशांच्या बळावर पक्षाचं नाव पहिल्यांदाच सगळ्या ५० राज्यांत पोचलं आणि एड क्लार्क यांना ९ लाख २१ हजार मतं मिळाली.

समजा हे सगळं जमलं. तरी मतं कुठे पडतात, हे किती पडतात यापेक्षा महत्त्वाचं ठरतं. ५३८ निर्वाचकांपैकी २७० हवेत, आणि मेन व नेब्रास्का सोडले तर प्रत्येक राज्यात जो पहिला, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक मिळतात. १९९२ मध्ये पेरो यांना देशभरात १८.९ टक्के मतं मिळाली, निर्वाचक शून्य. १९६८ मध्ये वंशभेदाचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांना साडेतेरा टक्केच मतं होती, पण ती दक्षिणेत एकवटलेली होती म्हणून ४६ निर्वाचक मिळाले. सरकारचा व्याप कमी करा म्हणणारा मतदार अलास्कापासून टेक्ससपर्यंत सगळीकडे थोडा थोडा आहे, म्हणून नियम त्याला शून्यच देतो. आणि कुणालाच २७० मिळाले नाहीत, तर निवड जाते कनिष्ठ सभागृहाकडे, तिथे प्रत्येक राज्याला एक मत. तिथे तर तिसऱ्या पक्षाचा सहसा एकही सदस्य नसतो.

जिंकलाच, तर एकटा माणूस सरकार किती कमी करू शकतो? इथे या पक्षाच्या भाषणांतही हात आखडता घेतला जातो, म्हणून आकडे नीट पाहू. आर्थिक वर्ष २०२४ मध्ये केंद्र सरकारने सुमारे पावणेसात लाख कोटी डॉलर खर्च केले. दर १०० डॉलरमधले साधारण ६० पेन्शन, वृद्धांचे औषधोपचार अशा कायद्याने बांधलेल्या योजनांवर गेले आणि १३ व्याजावर. उरलेले २७ दर वर्षी संसद मंजूर करते, आणि त्यातलेही जवळपास निम्मे संरक्षणाचे. शिक्षण खातं बंद करा ही घोषणा टाळ्या मिळवते, पण ते खातं १९७९ च्या कायद्याने झालं, ते मोडायलाही कायदाच हवा. संसदेने मंजूर केलेला पैसा राष्ट्राध्यक्षाने अडवून ठेवू नये म्हणून १९७४ चा कायदा आहे. त्याच्या एकट्याच्या हातात राहतात मुख्यतः तीन गोष्टी: केंद्रीय गुन्ह्यांतल्या कैद्यांना माफी, परदेशातल्या सैन्याचे हुकूम आणि नकाराधिकार. जॉन्सन यांनी न्यू मेक्सिकोत ७०० हून अधिक विधेयकं नकाराधिकाराने परत पाठवली होती. पण त्याने सरकार वाढायचं थांबतं, आहे ते कमी होत नाही.

राहिला मतं खाण्याचा आरोप. २०२० मध्ये जॉर्जियात बायडन ११,७७९ मतांनी जिंकले आणि जॉर्गेन्सन यांना तिथे ६२ हजारांवर मतं होती. लगेच बेरीज मांडली गेली, की ही मतं ट्रम्प यांची होती. पण बेरजेत एक गृहीतक लपलेलं असतं: तिसरं नाव नसतं तर हे लोक घरून निघालेच असते आणि सगळे एकाच बाजूला गेले असते. तसं होत नाही. काही इकडे जातात, काही तिकडे, बरेच घरी बसतात. मतदाराला पसंतीक्रम लिहू दिला, तर हा वादच मिटतो. मेन आणि अलास्का या राज्यांत २०२४ मध्ये तशी सोय होती.

निकालावर परिणाम न करताही तिसरा पक्ष काही घडवून आणू शकतो. मे २०२४ मध्ये लिबर्टेरियन पक्षाचं अधिवेशन वॉशिंग्टनमध्ये भरलं. ट्रम्प स्वतः तिथे भाषणाला गेले आणि हुर्यो उडत असतानाही त्यांनी एक वचन दिलं: सिल्क रोड या अमली पदार्थांच्या ऑनलाइन बाजाराच्या खटल्यात जन्मठेप भोगणाऱ्या रॉस उल्ब्रिख्ट यांना सोडवीन. ही या पक्षाची अनेक वर्षांची मागणी. २१ जानेवारी २०२५ रोजी, सत्तेवर आल्याच्या दुसऱ्या दिवशी, माफीवर सही झाली. त्याच अधिवेशनात उमेदवार निवडताना सात फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत ऑलिव्हर यांच्यासमोर होता ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय. त्यांना ६० टक्के मिळाले.

एडिसन, डॅलस किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी घरांनाही दुकानाबाहेर कधी तरी पाटीवर कागद लावलेला माणूस भेटतो. त्याच्या कागदावर सही करणं म्हणजे त्या उमेदवाराला मत देणं नव्हे; त्याचं नाव मतपत्रिकेवर असावं, एवढंच त्या सहीचं म्हणणं असतं. सही फक्त नोंदणीकृत मतदाराची चालते, म्हणून ग्रीन कार्डवर किंवा एच-१बी व्हिसावर असाल, तर नम्रपणे नाही म्हणा. नागरिक असाल तर नाव मतदार यादीत आहे तसंच लिहा. आपली आडनावं आणि मधली नावं तिथे अनेकदा वेगळ्याच स्पेलिंगने नोंदलेली असतात, तेव्हा आधी फोनवर नोंद उघडून पाहा. घर बदललं असेल तर पहिल्यांदा नोंदणी बदला, मग सही करा. टेक्ससमध्ये मार्चच्या प्राथमिक निवडणुकीत मत दिलं असेल, तर त्या वर्षी नव्या पक्षाच्या कागदावर तुमची ओळ बाद होणार, आणि ती भरून काढायला त्या माणसाला उन्हात आणखी पाच मिनिटं उभं राहावं लागणार.